मागची भिंत पांढरी हवी

आमचे आबा गेल्या सोमवारी वारले आणि मला नॉर्वेतली नोकरी मिळाली नाही. यातली पहिली गोष्ट घडलेली नाही, आणि दुसरी घडली असं मी मानत नाही. तेव्हा दोन्ही विसरू आणि नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी दीपक, राहणार सोनगीर. शीतगृहं दुरुस्त करतो. धुळ्यापासून जळगावपर्यंत केळी, बटाटे, आईस्क्रीम, जे काही थंड ठेवावं लागतं ते थंड राहण्यामागे कधी ना कधी माझा पाना फिरलेला असतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत उणे वीस, अशा दारात उभं राहून माझी निम्मी जवानी गेली. ठेकेदार मला दर अकरा महिन्यांनी कामावरून काढतो आणि दोन दिवसांनी परत घेतो. म्हणजे कायद्याने मी दरवर्षी नवा. आमच्या गल्लीत माझ्याइतक्या वेळा नोकरी लागलेला माणूस नाही.

नॉर्वेतल्या मासळीच्या कारखान्याला शीतगृहाचा मेकॅनिक हवा होता. जाहिरातीत ‘कायमस्वरूपी’ असा शब्द होता. तो मी आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “परत वाच.”

अर्ज पुढे सरकला. व्हिडिओवर मुलाखत ठरली. भरती करणाऱ्या बाईंचं नाव सिग्रिड, आणि त्यांनी मुलाखतीआधी सूचना पाठवल्या. उमेदवार खोलीत एकटा असावा. मागची भिंत पांढरी व मोकळी असावी. कसलाही आवाज नसावा. अशा व्यवस्थेवरून उमेदवाराची शिस्त दिसते, असंही खाली लिहिलं होतं.

हे वाचून मला लगेच राग आला नाही. तो भिंती बघताना आला. आमच्या पुढच्या खोलीला चार भिंती आहेत. एकीवर टीव्ही आणि देव, दुसरीवर स्टीलच्या भांड्यांची मांडणी, तिसरीवर आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो, शेतकी दुकानाचं कॅलेंडर आणि माझं आयटीआयचं सर्टिफिकेट. चौथीला दार आहे. रंग पिस्ता. वडील ट्रकवर असतात; तिकडे कुठेतरी उरलेला डबा स्वस्तात मिळाला म्हणून तो आणला होता. या घरात पाच माणसं राहतात, आणि पाचही माणसांचं काही ना काही भिंतीवर आहे. यात शिस्त कुठे कमी पडली, हे मला नॉर्वेने समजावून सांगावं.

माझी बहीण कामिनी सिग्रिड झाली आणि रविवारी सकाळी तालीम सुरू झाली.

“तुमचा एक दोष सांगा,” कामिनी म्हणाली.

“मी फार मेहनत करतो.”

“हा दोष आहे?”

“नेटवर असंच सांगायला सांगितलंय.”

“ओला टॉवेल गादीवर टाकतो,” आई आतून म्हणाली. “ते सांग त्या बाईला. तिलाही कळू दे.”

आबा, म्हणजे माझे आजोबा, ओट्यावर खाटेवर बसले होते. ते दिवसभर तिथेच असतात आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हटकतात. त्यांनी खिडकीतून विचारलं, “दोष कसाले सांगाना रे? सोयरीक जमाडताना कोनी दोष सांगस का?”

“आबा, ही सोयरीक नाही. मुलाखत आहे.”

“पोऱ्याले दुसराना घर धाडनं शे ना? मंग काय फरक शे?”

मी कामिनीला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं.

भिंतीचा तोडगा कामिनीने काढला: पांढरं कापड लावू. मी संध्याकाळी इसाकभाईंच्या दुकानात गेलो आणि पांढरं कोरं मांजरपाट मागितलं, चांगलं लांबलचक. एरवी इसाकभाई रुमाल घ्यायला गेलं तरी चार थान उलगडून दाखवतात आणि चहा पाजतात. त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही. कापड फाडलं, घडी केली, पैसे पुढे केले तर माझा हात मागे सारला, आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “सबर कर बेटा. सबको जाना है एक दिन.”

त्यांचा मुलगा हसनैन कतारमध्ये दोह्याला नोकरीला आहे, म्हणून मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट सगळं गाव आपल्या पाठीशी आहे असं वाटलं.

सोमवार उजाडला. मुलाखत दुपारी होती. सकाळपासून आम्ही शांतता तयार करायला घेतली. आमच्याकडे ती तयार करावी लागते.

आबांना खोकला आहे, म्हणून त्यांची रवानगी शेजारच्या अभिमन नानांकडे, मागच्या खोलीत. त्यांची खाट कुणीही बसलं की करकरते, म्हणून ती उचलून बाहेर भिंतीला उभी लावली. फोडणीने मला शिंका येतात, म्हणून आईने चूल पेटवली नाही. टीव्ही बंद. मध्येच कुणाचा फोन वाजू नये म्हणून घरातले सगळे फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवले. लॅपटॉप उसना, नेट नानांच्या वायफायचं. कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसऱ्या टोकासाठी खिळा ठोकला तर भिंतीचा पोपडा निघून आला. मग कामिनी धान्याच्या कोठीवर उभी राहिली आणि ते टोक हाताने धरून कापडामागे गेली.

“किती वेळ?” तिने विचारलं.

“अर्धा तास.”

“नॉर्वेहून मला काय आणशील ते आत्ताच सांग. हात वर असताना मी खोटं ऐकून घेणार नाही.”

गल्लीतल्या बायकांना मुलाखतीचं कळलं तसं त्या आपलेपणाने आल्या, चपला रांगेत काढल्या आणि ओट्यावर पदर सावरून गप्प बसल्या. माझ्यासाठी त्या गप्प बसल्या, याचं मोल ज्याने त्यांना बोलताना ऐकलंय त्यालाच कळेल. अभिमन नाना उन्हाचं उपरणं डोक्याला गुंडाळून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. कुणी गाडीवरून आलं की ते ओठांवर बोट ठेवायचे आणि आमच्या घराकडे हात दाखवायचे. लोक गाडी बंद करून ढकलत न्यायचे. एकाने टोपी काढली. मला वाटलं, गरम होत असेल.

ठरल्या वेळी सिग्रिडबाई पडद्यावर आल्या. त्यांच्या मागे पांढरी भिंत होती. तिच्यावर साधा खिळासुद्धा नव्हता.

“तुम्ही खोलीत एकटे आहात?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“एकटाच आहे,” मी म्हणालो. मागे कामिनीने हात बदलला.

पुढचं छान झालं. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही, पण छान झालं. अमोनिया गळाला तर काय कराल? आधी माणसं बाहेर, मग वारा कुठला ते बघायचं, मग झडप. कॉम्प्रेसर बर्फ धरतोय तर? दोन कारणं सांगितली, तिसरं ठेकेदाराच्या स्वभावातलं होतं ते गाळलं. बाई मान हलवत होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“आमच्या भागात हिवाळ्यात दोन महिने सूर्य दिसत नाही. तुम्हाला एकट्याने राहावं लागेल. तुम्ही ते करू शकाल?”

मी तोंड उघडलं, आणि गल्लीच्या तोंडाशी रडणं सुरू झालं.

आमच्याकडे मयताला दारावर येणाऱ्या बायका घरात शिरून रडत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यापासून रडत येतात. आवाज जवळ आला आणि मी तो ओळखला. पहूरची कुंदाबाई आत्या. आबांची एकुलती एक लेक.

“मना बाप वं माय... माले न सांगता गया वं...”

दार उघडलं. आत्या, आणि तिच्यामागे क्रुझर गाडीभर बायका. आत्याने मला बघितलं, कोऱ्या पांढऱ्या कापडापुढे मान घालून बसलेला, आणि ती माझ्या गळ्यात पडली. धक्क्याने कापड सुटलं. मागे टीव्ही, देव, आणि कोठीवर दोन्ही हात वर करून उभी असलेली कामिनी.

आता माझी बाजू समजून घ्या. आबा सकाळपासून माझ्या नजरेआड होते. फोन बंद होते. आणि सख्खी लेक धाय मोकलून रडत होती. मला वाटलं, नानांच्या मागच्या खोलीत, मी अमोनियाच्या झडपेबद्दल बोलत असताना, आबा गेले. त्यांचं शेवटचं पाणी चुकलं, आणि ते चुकलं कारण त्यांचा खोकला मला कॅमेऱ्यात नको होता.

“काय झालं?” सिग्रिडबाईंनी विचारलं.

“माझे आजोबा वारले,” मी म्हणालो आणि रडू लागलो. खरं रडू लागलो.

बाईंनी छातीवर हात ठेवला. “मला फार वाईट वाटतं. आपण हे पुढच्या आठवड्यात करू. तुम्ही कुटुंबासोबत थांबा.” हे त्या मनापासून बोलल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आत्याला लॅपटॉपचा पडदा दिसला. तिला वाटलं, कुणी लांबची नातेवाईक येऊ शकली नाही म्हणून फोनवर आहे. पदराने डोळे पुसून ती कॅमेऱ्याकडे वळली आणि आबांनी तिला खांद्यावर बसवून कोणकोणत्या जत्रा दाखवल्या, ते गळा काढून बाईंना सांगू लागली.

शेजारी रडारड ऐकून कोण गप्प बसेल? डोक्यावरून टॉवेल घेऊन एक म्हातारा हळूच आत आला, बायकांच्या मागे टेकला आणि खालच्या आवाजात विचारता झाला, “कोन गया वं?”

“मना बाप,” आत्या न वळता म्हणाली.

“अरे देवा.” म्हाताऱ्याने टॉवेलने डोळे पुसले. “कवय? आज का?”

आत्याचा आवाज मध्येच थांबला. ती वळली.

“थांबू नको वं,” आबा म्हणाले. “जत्रानं सांगी राहिनथी ना, पुढे सांग.”

आत्याने जाऊन त्यांचं मनगट पकडलं. नाडी बघतात तसं नाही, चोर पकडतात तसं. “तुमी जित्ता शेतस?”

“सकायपाईन ते शे.”

“मंग खाट कसाले उभी शे? चूल कसाले थंडी शे? बाया ओटावर मुक्या कसाले बसेल शेत? सकायले नूरबीना फोन उना, तुमना घर काल कापड गयं म्हनीसन. बठ्ठा फोन बंद. मी काय समजानं?”

नूरबी म्हणजे इसाकभाईंची बायको, आत्याची लहानपणापासूनची मैत्रीण. आमच्या गावात एवढं कोरं मांजरपाट कुणी भिंतीला लावायला घेत नाही.

आत्या बोलत राहिली, भांडत राहिली, क्रुझरवाल्याला काय सांगू म्हणत राहिली, पण आबांचं मनगट तिने सोडलं नाही.

पडद्यावरून आवाज आला, “हे गृहस्थ कोण?”

“माझे आजोबा,” मी म्हणालो.

“कोणते?”

“तेच. वारलेले.”

आबांनी हात जोडून नमस्कार केला. बाईंनी पेन परत उचललं.

“ही बाई कोन शे?” आत्याने आता नीट निरखून बघितलं. “हिनी मांगेनी भिंत बठ्ठी मोकळी शे. हिना घर बी कोनी गयं का?”

दोन दिवसांनी मेल आला. उमेदवाराने एकटा असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात खोलीत चौदा व्यक्ती आढळल्या, पैकी एक पडद्यामागे. मयत म्हणून सांगितलेली व्यक्ती हालचाल करताना दिसली. कंपनी सचोटीला सर्वाधिक महत्त्व देते. शिवाय एकट्याने राहण्याविषयीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. शुभेच्छा.

मी तो मेल आईला वाचून दाखवला. ती ‘परत वाच’ म्हणाली नाही.

मी एकच खोटं बोललो, ‘एकटाच आहे.’ तेसुद्धा त्यांनी मागितलं म्हणून. बाकीचं बोललो तेव्हा ते खरं होतं; नंतर आबांनी ते खोटं केलं, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. पांढरं, मोकळं, चिडीचूप घर पाहिजे म्हणून आम्ही एक दिवस जिवाचं रान करून तसं घर केलं, तर ते बघून पहूरची माणसं रडत धावली. असं घर आमच्याकडे फक्त कुणी गेल्यावरच होतं. ही माझी बेशिस्त कशी? तिकडे असं घर रोज असतं आणि कुणीच धावत येत नाही, तर चौकशी कुणाची व्हायला हवी?

कामिनीने परवा सहज विचारलं, “दादा, शीतगृहाच्या भिंती आतून पांढऱ्याच असतात ना?” तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. आत नेट लागत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

आत्या अजून आमच्याकडेच आहे. ठेकेदाराने काल कळवलं की माझे अकरा महिने भरले. म्हणून मी नॉर्वेला लिहायला बसलो, ते असं:

प्रति, भरती विभाग. विषय: नियमात दुरुस्ती करणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या थंडीस व अंधारास पात्र असून केवळ माणसांच्या संख्येवरून अपात्र ठरला आहे. सबब विनंती की, आपल्या नियमावलीतील ‘एकटा’ या शब्दाच्या व्याख्येत अर्जदाराची आई, कापड धरणारी एक बहीण, हालचाल करणारे एक आजोबा, ओट्यावरील शेजारच्या मुक्या बायका व पहूरहून येणारी एक क्रुझर यांचा समावेश करण्यात यावा, आणि सदर दुरुस्ती गेल्या सोमवारपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून अर्जदारास कायमस्वरूपी नेमणुकीचा आदेश उलट टपाली देण्याची कृपा व्हावी.