गाडीची जागा

आर्किटेक्टनं नवा नकाशा टेबलावर पसरला. त्याचे कोपरे सारखे गुंडाळले जात होते, म्हणून थोरलीनं त्यांवर पाण्याचे पेले ठेवले.

"आधी इथं दोन गाड्या दाखवाव्या लागत होत्या," त्यानं तळमजल्यावर बोट टेकवलं. "महापालिकेनं ती सक्तीच काढली. आता इथं एक अख्खं घर बसतंय."

थोरलीला एका जागी बसवेना. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरल्यापासून त्या नियमानं तिचा जीव खाल्ला होता. घरात कुणाकडे गाडी नाही, तरी तळमजला गाड्यांचा. आणि धाकट्या दिराचा संसार मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाड्याच्या जागेत. विषय निघाला की दीर म्हणायचा, "नियमच आडवा येतो वहिनी, काय करणार!"

"वर आम्ही, खाली तुम्ही," नवऱ्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. "हाकेच्या अंतरावर!"

दीर हसला. धाकटी जाऊ नकाशावर वाकून बोटातली अंगठी गोल गोल फिरवत होती.

"हा नियम पुन्हा लागू शकतो का हो?" तिनं विचारलं.

"छे! घाबरू नका," आर्किटेक्ट म्हणाला.

"नाही, घाबरत नाही." तिनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

थोरलीनं ते पाहिलं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. काही न घेताच परत आली. पुन्हा गेली. ओट्याला टेकून उभी राहिली. याच ओट्याशी, सासूबाईंच्या हाकेच्या अंतरावर, तिचं तरुणपण गेलं होतं.

ती बाहेर आली.

"गाडीची जागा राहू द्या."

"कुणाची गाडी?" नवरा चक्रावला.

"आपली. मला घ्यायचीय."

"आणि चालवणार कोण?"

"मी शिकेन."

"अगं, पण ह्यांचं घर..."

"त्यांचं तिकडं बस्तान बसलंय. कशाला उगाच हलवायचं?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

"एकच गाडी ना?" आर्किटेक्टनं पेन काढलं. "मग उरलेल्या जागेत एक खोली निघेल."

"काढा की. कुणी मुक्कामाला आलं तर होईल."

धाकटीनं मान वर केली.

"आम्ही येऊ ताई," ती म्हणाली. "खरंच येऊ."