गळ्यात काळीज असलेली गाय

मित्रांनो, मी माजिवड्याची एक म्हातारी गाय आहे. ठाण्याला आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षे झाली, तेव्हा माझा जन्म झाला. इतर गुरांचे काळीज बरगड्यांआड धडधडते. माझे मात्र जन्मतःच गळ्याशी, नुसत्या कातडीखाली येऊन बसले. बहुधा त्याला बाहेरचे जग बघायची हौस असावी.

लक्ष्मी लग्न होऊन या घरी आली, तेव्हा तिच्या माहेरच्यांनी मला आंदण म्हणून सोबत धाडले. मी वासरूच होते. तिच्या सासूने, तुळसाने, माझा उडणारा गळा पाहिला आणि उभ्याउभ्या निदान केले, "गल्यान भूत बसलंय हिचे!"

भुतावरचा उपाय ठरलेला: बिब्बा ओवलेला काळा दोरा, तोही घट्ट. मी वाढत होते, दोरा वाढत नव्हता. एके दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कोसळले. भुताचा जोर वाढला म्हणून दुसरा दोरा आला. मी पुन्हा पडले, तिसरा आला. गुण येत नसला की माणसे उपाय बदलत नाहीत, वाढवतात.

दिवाळी पाडव्याला आमच्याकडे पेटत्या पेंढ्यावरून गुरे उडवतात. त्या वर्षी तुळसाने सुनेला बजावले, "उडाली तर ऱ्हाईल. पडली, तर उद्याच तुजे म्हायेरी नेऊन बांध."

सासरी लक्ष्मीला आपले म्हणावे असे मी एकटीच होते.

पाडव्याला ती माझी मान चोळत असताना गावात ढोल वाजला. मी दचकले. तिच्या तळव्याखाली माझा गळा धावू लागला. तिने दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. दोन्हीकडे तीच धडधड!

"आय, ये भूत नाय! कालीज हाय तिचं. आपुन दोऱ्यानं दाबतो म्हनून पडते ती."

"कालीज गल्यान असतं का कुनाचं?"

"माजं तरी आता तितंच आलंय," म्हणत लक्ष्मीने विळ्याने तिन्ही दोरे कापले.

"सनाचे दिवशी? मेली गं गाय तुजी!" तुळसाने कपाळावर हात मारला.

मित्रांनो, मी मेले नाही. कितीतरी दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. पुढचा धष्टपुष्ट खोंड जाळ बघून मागे फिरला. मी त्याच्या बाजूने धावले आणि उडाले! पलीकडे उतरल्यावरही थांबले नाही. थेट खाडीच्या बांधापर्यंत गेले. लक्ष्मीचा नवरा गोपीनाथ धापा टाकत मागे. "अगं थांब की! जिकलीस तू!"

पुढे त्र्यंबकराव नावाचे गुरांचे डॉक्टर मला बघून गेले. "हा जन्मजात दोष आहे," ते म्हणाले. "काळीज गळ्यात आहे. तिथे काहीही बांधू नका."

"मंग आमी तरी काय बोलतो?" तुळसा म्हणाली. "आमाला कंदीचं म्हाईत!"

माझी सगळी वासरे छातीत काळीज घेऊन जन्मली आणि धडधाकट निघाली. आता घरी पाहुणा आला की तुळसा पाण्याआधी त्याला गोठ्यात आणते. "हात लाव, पन हलूच," असे दरडावते. आणि "कुनाची गाय?" असे कुणी विचारलेच, तर मान ताठ करून सांगते, "आमचे लक्ष्मीची."

मित्रांनो, जन्मतः वेगळे असलेले जनावर तुमच्या गोठ्यात आले, तर उपाय जरूर करा. पण आधी त्याच्या अंगावर हात ठेवा आणि थोडा वेळ गप्प बसा. आम्ही सांगत असतो.