वाक्यात उपयोग करा

लालासाहेबांनी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने आजचा इंग्रजी शब्द लिहिला, खाली देवनागरीत ‘कंटेम्प्लेट’ असं लिहिलं आणि हात झटकले. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी घरात हुकूम त्यांचाच. समोर लीलाबाई घेवडा निवडत होत्या. मुलगा जयराज बंगळूरला, नाती फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढं आजीनं गप्प बसू नये म्हणून महिनाभर ही शाळा चालली होती. परवा जयराजनं दोघांना कायमचंच बोलावलं आणि लालासाहेबांनी उंब्रजचं घर बंद करायला फोनवरच होकार देऊन टाकला. आज तिकिटं निघणार होती.

“म्हंजी इचार करणं,” ते म्हणाले.

“त्ये थिंक. मागल्या आठवड्यात झालं की.”

“थिंक वरवरचं गं. साबण कंचा घ्यावा, ह्ये थिंक. ह्ये म्हंजी एकच गोष्ट मनात धरून लय येळ इचार करणं. गप बसून. आता वाक्यात उपयोग कर.”

लीलाबाईंचे हात थांबले. सातवीला त्या केंद्रात पहिल्या आल्या होत्या. सुभेदारांना हे ठाऊक होतं, पण लक्षात राहत नसे.

“व्हेन यू से,” त्या सावकाश म्हणाल्या, “लीला, पॅक ट्रंक... आय कंटेम्प्लेट.”

लालासाहेब व्याकरण सुधारायला निघाले होते, ते तिथंच थांबले. अंबाला, झाशी, सिलीगुडी. दर बदलीला ते ऑर्डर खिशात घालून घरी येत, ‘लीला, ट्रंक भर’ म्हणत, आणि सकाळपर्यंत ट्रंक भरलेली असे. बायकोला विचारायचं असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“कवापासनं?”

“पयल्या ट्रंकंपासनं.”

त्यांनी जयराजला फोन लावला.

“तिकिटं काढू नगंस.”

“का? परवा तर हो म्हणालात!”

“मी म्हणालो. तुझ्या आईला इचारलंच न्हवतं.”

फोन ठेवून ते गुडघे सांभाळत बायकोशेजारी खाली बसले.

“लीला, तुला काय वाटतं? जायाचं का न्हाई?”

त्रेचाळीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. लीलाबाईंना एकदम हसू आलं आणि डोळेही भरले.

“आवं, असं अवचित इचारल्यावर काय सांगू?”

“सावकाश सांग,” लालासाहेब म्हणाले, आणि परात ओढून घेवड्याच्या शिरा काढायला लागले.