मैनाच्या जागी

माझी बायको मैना गेली त्या सकाळी मी खाडीच्या बांधावर होतो. उधाणाने बांधाला भोक पाडलं होतं, त्यात चिखल भरत होतो. शेजारचा तुकाराम धावत आला.

"धर्मा, वर ये. वैनीच्या गाडीला टेम्पोनं उडवलं."

टेम्पो थांबला नाही. नंबर कुणी पाहिला नाही.

मैना जिल्हा परिषदेला उभी होती. आठवडाभर फोन येत होते, 'अर्ज मागे घ्या, बरं पडेल.' मागे घ्यायची मुदत संपली आणि दोनच दिवसांत हे झालं.

चौथ्या दिवशी पक्षाचे तालुक्याचे पुढारी, गणराजशेठ, आले. सुतकाचं घर, म्हणून चहा घेतला नाही.

"आपल्या गटाचं मतदान पुढं गेलंय, धर्मादादा. पक्षाला दुसरं नाव देता येतंय. अमिषाचा अर्ज भरू. आईच्या जागी लेक. लोक फोटो बघूनच मतं देतील."

"तिच्यावर पन टेम्पो येल, शेठ."

"काय पन बोलता! दोन माणसं देतो ना तिच्याबरोबर."

"मैनाबरोबर का न्हाय दिली?"

शेठ मोबाईल बघत बसले.

अमिषा चोवीस वर्षांची. दाराआडून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "बाबा, मना भ्याव वाटतं."

"तू न्हाय उभी रहायचीस. मी हाय ना."

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. आमच्यात बाया तिथं येत नाहीत. कावळे समोरच्या तिवरांवर बसले होते. एकही खाली येईना.

"मैना, पोरीला संभालीन," मी बोललो. कावळे हलले नाहीत.

"घराची पडवी पुरी करीन." नाहीच.

ऊन चढलं. माझा चुलतभाऊ सदा कानाशी आला. "वैनीचा जीव इलेक्शनात अडकलाय. बोलून टाक."

शेठ मागे हात बांधून उभे होते. मैना अशीच लटकून राहिली तर? त्या घडीला मला दुसरं काही दिसलं नाही.

"अमिषा तुझ्या जागी उभी राहील."

कावळा आला. भात उचलला.

"शिवला! शिवला!" लोक ओरडले. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तीनपर्यंत अर्ज द्यायचाय, अलिबागला. नऊला गाडी पाठवतो."

घरी अमिषा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"शिवला का, बाबा?"

"शिवला."

"काय बोलल्यावर शिवला?"

मी खाली बघून पाय धुतले. गाडी सकाळी नऊला येणार आहे. अमिषाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.