पाचवी जागा

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर बसवायचं काम तिच्याकडे होतं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. कटिंग मास्तर तिला कॉलरबाई म्हणत. तिचं खरं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते खरं नव्हतं. लेकीला घेऊन नवऱ्याच्या घरातून ती निघाली, त्याला वर्ष होत आलं होतं. निघाली तेव्हा तो घरात नव्हता. पण त्याआधी कितीतरी वेळा, जेवता जेवता, आवाज जराही न चढवता तो म्हणाला होता, "जाशील तिथून शोधून काढीन. मग बघ." तो बोलल्याप्रमाणे वागतो हे तिच्या डाव्या मनगटाला चांगलं माहीत होतं. थंडीत ते अजून ठणकायचं.

तिला लपवलं ते तिच्या दादाने. दादाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बोलायला तुसडा, पण बहिणीसाठी जीव टाकणारा. त्याने तिचा फोन हातोडीने फोडला, एक जुना लॅपटॉप सगळा पुसून तिला दिला आणि त्यात टॉर नावाचा ब्राउझर घातला.

"हे बघ," तो म्हणाला, "तुझी चिठ्ठी यात तीन हातांतून जाते. पहिल्याला कळतं कुठून आली. शेवटच्याला कळतं कुठे चालली. दोन्ही गोष्टी एकाला कळत नाहीत. मला लिहायचं ते यातूनच. जुनं कुठलंही खातं उघडायचं नाही, आणि स्वतःच्या नावाने काही विकत घ्यायचं नाही. बस्स."

तिने तेवढंच केलं. लेकीला शाळेत नवं नाव घातलं. सुरुवातीला बाई हजेरीला ते नाव घ्यायच्या आणि पोर ढिम्म बसायची. बाईंना वाटलं, हिला ऐकू कमी येतं. मग हळूहळू ती 'हजर' म्हणायला लागली. परवा तर तिने चित्राखाली कुणी न सांगता तेच नाव लिहिलं, आणि बाईंनी ते चित्र वर्गाच्या भिंतीवर लावलं. ते बघून आईला हसावं की रडावं कळेना.

असं सगळं बरं चाललेलं असताना माणसाने गप्प बसावं. पण भीती गप्प बसू देत नाही. शेजारच्या मशीनवर काजं करणारी मावशी बसायची. मोबाईलवर जे दिसेल ते तिला ब्रह्मवाक्य. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "व्हीपीएन नाही तुझ्याकडे? अगं ताई, दाराला कडी न लावता खुशाल झोपतेस की तू."

कॉलरबाईने दादाला विचारलं. दादाचं उत्तर नेहमीसारखं, कपाळाला आठ्या घालून लिहिलेलं. "व्हीपीएन म्हणजे मधला एक माणूस. सगळं त्याच्या हातात द्यायचं आणि तो पुढे नेतो. तू कोण, कुठून आलीस, हे त्याला कळतं. तो सांगणार नाही यावर विश्वास ठेवायचा. टॉर वापरतो हेच ज्यांना लपवायचं असतं त्यांना कधीकधी उपयोग होतो त्याचा. तुला लपायचंय ते एका माणसापासून. आहे ते पुरे आहे. नसती उठाठेव करू नकोस."

तिला पटलंही. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकाशी पाठमोरा एक माणूस दिसला. तेच खांदे, तीच मान. ती कापडाच्या गठ्ठ्यांमागे जाऊन बसली. तो वळला तेव्हा कळलं, बटणं पोचवणारा नवा माणूस होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा. पण त्या दिवशी तिने दोन कॉलरी उलट्या बसवल्या, आणि मास्तरांनी आश्चर्याने चष्मा काढून पाहिलं.

रविवारी दुपारी लेक खाली खेळायला गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला. एकाला दोन कुलुपं बरी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. विकत घ्यायचं तर नाव हवं, कार्ड हवं. ते दादाने बजावून ठेवलेलं. मग तिला आठवलं. घरी व्हीपीएन होतंच की. परदेशातल्या मॅचेस बघायला नवऱ्याने घेतलं होतं, एका खात्यावर पाच यंत्रं चालायची. पासवर्ड त्याच्या स्कूटरचा नंबर. नवं काही घ्यायला नको, नाव द्यायला नको. शिवाय ही वस्तू माणूस कुठे आहे ते लपवते म्हणतात, मग त्याच्यापासूनही लपवेलच ना? जुनं खातं उघडू नकोस हेही दादाने सांगितलं होतं. पण हे खातं तिचं कुठे होतं? ते तर त्याचं.

पासवर्ड चालला. समोर यादी आली. 'साहेब' म्हणजे त्याचा फोन. मग 'ऑफिस', 'टीव्ही', 'टॅब'. सगळ्याला नावं ठेवायची त्याला हौसच. पाचवी जागा पूर्वी तिच्या फोनची. तिचं नाव त्याने 'बावळी' ठेवलं होतं आणि पाहुण्यांना वाचून दाखवून तो हसायचा. पाहुणेही हसायचे. ती जागा आता रिकामी होती. तिथे तिच्या लॅपटॉपचं अक्षरांचं नि आकड्यांचं कंपनीचं नाव उमटलं. बटण हिरवं झालं. 'तुम्ही सुरक्षित आहात.' वर तिने टॉर सुरू केला.

पुढचे काही दिवस तिला गाढ झोप लागली. मशीनवर ती गुणगुणायला लागली. मावशी म्हणाली, "बघ, चेहराच बदलला तुझा."

शुक्रवारी कापड संपलं म्हणून कारखाना दुपारीच सुटला. घरी येऊन तिने हिरवं बटण आहे ना ते पाहायला लॅपटॉप उघडला. यादी तीच होती. साहेब, ऑफिस, टीव्ही, टॅब. पाचव्या जागेवर कंपनीचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'बावळी'.

बराच वेळ ती त्या शब्दाकडे बघत राहिली, जणू तो तिच्याकडे बघत होता. मग तिने ते सगळं बंद केलं आणि नुसत्या टॉरमधून दादाला लिहिलं.

उत्तर लगेच आलं. "व्हीपीएनच्या खात्यात शिरताना तू टॉरमधून नाही शिरलीस, घरच्या नेटवरून थेट गेलीस. बटण हिरवं होतं ते नंतर. नवं यंत्र आलं की कंपनी खातेदाराला मेल करते, कुठल्या गावातून आलं तेही कळवते. खातेदार तो आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास गं. वर्षभर त्याने पासवर्ड बदलला नाही, तुला काय वाटलं, विसरला? तुला शिवणकाम येतं हे त्याला माहीत आहे, आणि तुझ्या गावात कारखाने असून असून किती असणार? मी रागावलो नाहीये. आजच नीघ."

रविवार ते शुक्रवार. तो कधीच निघाला असेल, किंवा पोचलाही असेल. तिने दोन पिशव्या भरल्या. मशीनवरची तिची कात्री कारखान्यातच राहिली, तिकडे जायची तिची हिंमत झाली नाही.

शाळेत तास चालू होता. बाईंनी कारण विचारलं, तिने घरी आजारपण आहे असं काहीतरी सांगितलं. लेक दप्तर घेऊन मुकाट्याने बाहेर आली. पिशव्या पाहिल्या आणि चपला घातल्या. वर्षापूर्वीही ती अशीच निघाली होती. भिंतीवरचं चित्र काढून घ्यायला मात्र ती परत आत गेली. बाई म्हणाल्या, राहू दे की, छान दिसतंय. मग ते तिथेच राहिलं.

बस सुटेपर्यंत आई दरवाजातून चढणाऱ्या प्रत्येक माणसाचे खांदे बघत होती. गाव मागे पडल्यावर लेकीने तिची बाही ओढली.

"तिकडे माझं नाव काय असणार?"

आई मनातल्या मनात नावं शोधू लागली.

"हेच राहू दे ना," लेक म्हणाली. "हे मला आता येतं."

आईने मान हलवून नाही म्हटलं. ते नाव इथल्या भिंतीवर होतं, हजेरीत होतं, बाईंच्या तोंडात होतं. कुणीही विचारलं असतं तरी सापडलं असतं. पोर खिडकीला टेकून बसली आणि ओठ हलवत, आवाज न करता, ते नाव म्हणत राहिली.