हसरा चंद्र

वर्तमानपत्रात तीस वर्षं पुढाऱ्यांची तोंडं वाकडी करून ज्यानं पोट भरलं, त्याला एक चंद्र काढायला असा कितीसा वेळ लागणार, असं व्यंगचित्रकाराला वाटत होतं. त्याच्या धाकट्या बहिणीची छोटी बालवाडी होती आणि तिथल्या चित्रकलेच्या बाई आजारी पडल्या होत्या.

"दादा, तासाभराचाच प्रश्न आहे," बहीण फोनवर म्हणाली. "पाच-सहा वर्षांची पोरं आहेत. एक हसरा चंद्र शिकव, बस."

"चंद्र ना? झोपेत काढीन."

निघताना त्यानं आरशात बघून गळ्यात मफलर अडकवला. माणूस कलावंत आहे हे मुलांना लांबूनच कळावं, एवढाच हेतू. बायकोनं विचारलं, "घसा दुखतोय का?"

वर्गात गुडघ्याएवढी टेबलं होती आणि त्याहून बुटक्या, हातांच्या लाकडी खुर्च्या. "हे मामा आज तुम्हाला चंद्र काढायला शिकवणार," असं सांगून बहीण कामाला निघून गेली. पुढचा एक दात पडलेल्या मुलीनं लगेच हात वर केला.

"चंद्र पण मामाच असतो."

"हो."

"मग तुम्ही दोघं भाऊ?"

मंत्र्यांच्या वकिलांचे प्रश्न त्यानं हसत हसत परतवले होते. इथे मात्र त्यानं माघार घेतली. "लांबचे," तो म्हणाला आणि घाईनं फळ्याकडे वळला.

"आधी एक मोठा कंस काढायचा." कंस म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "म्हणजे कलिंगडाची फोड असते ना, तशी."

हे बरोबर समजलं. मुलं खाली माना घालून कामाला लागली. तो टेबलांमधून हिंडू लागला. कुणाचा चंद्र होडी झाला होता, कुणाचा म्हशीचं शिंग. एका पठ्ठ्यानं तर फोडीत बियासुद्धा भरल्या होत्या. त्याला काही सांगायला जावं, तर चूक आपल्याच शिकवण्यात निघायची, म्हणून व्यंगचित्रकार नुसतं "छान" म्हणाला.

मग डोळा झाला, नाक झालं. "आता तोंड. ओठाचा कोपरा असा वर न्यायचा, की झालं हसू." एका फटकाऱ्यात त्यानं रेष ओढली आणि कौतुक ऐकायला दोन पावलं मागे सरकला.

सगळ्यांनी माना तिरप्या करून फळ्याकडे पाहिलं.

"हा हसत नाहीये," दातपडकी म्हणाली.

"हसतोय की. ओठ बघ ना, वर गेलाय."

"माझा काका 'उद्या नक्की फिरायला नेतो' म्हणतो ना, तेव्हा तो असं करतो."

मागच्या टेबलावरून दुजोरा आला, "हा चंद्र खोटं बोलतोय."

व्यंगचित्रकारानं फळ्याकडे नीट पाहिलं. पोरं खरं बोलत होती. त्यानं चंद्र पुसून पुन्हा काढला. हा मतं मागायला आल्यासारखा दिसत होता. तिसरा काढल्यावर कुणीतरी काळजीनं विचारलं, "याच्या पोटात दुखतंय का?"

'खोटं हसू पकडावं तर माझ्या रेषेनंच,' असं तो भाषणांतून अभिमानानं सांगायचा. खरं हसू त्या रेषेला जमतच नाही, हे त्याला आज या पोरांसमोर कळलं. आपला पुरता मामा झालाय, असं मनाशी म्हणत तो विचार करायला जवळच्या खुर्चीत बसला.

थोड्या वेळानं उठला, तर खुर्चीही उठली. तिच्या दोन हातांमध्ये तो पक्का अडकला होता. मुलांना दिसू नये म्हणून त्यानं पटकन गिरकी घेतली, तशी खुर्चीनंही घेतली आणि खडूंचा डबा खाली पाडला. वर्ग हसून हसून लोळायला लागला. त्याचे कान लाल झाले.

"हलू नका," दातपडकीनं बजावलं. तिनं दोघा-तिघांना हाताशी घेतलं आणि सगळ्यांनी मिळून खुर्ची ओढून काढली. ती निघाली तसा हशा आणखी वाढला. जन्मभराच्या खोडीनं तो तशाही अवस्थेत चेहरे न्याहाळत होता. तोंडं नुसती उघडी होती. खरी गंमत गालांत होती. गाल वर चढले होते आणि डोळे जवळजवळ मिटले होते. त्याच्या चित्रांतली माणसं हसताना डोळे टक्क उघडे ठेवायची. त्यांना दुसऱ्याच्या खिशावर नजर ठेवायची असे ना.

त्यानं खडू उचलला. गालाला फुगवटा दिला, डोळ्याच्या जागी एक वाकडी रेष काढली आणि तोंड नुसतं उघडं ठेवलं.

"आता?"

दातपडकीनं बराच वेळ पाहिलं. "आता हसतोय. पण तुम्हाला हसतोय."

"चालेल," तो म्हणाला.

शाळा सुटली तेव्हा पालक दाराशी कागद उलटसुलट करून बघत होते. बऱ्याच चंद्रांच्या पाठीला चार पाय असलेलं काहीतरी चिकटलं होतं. "हे काय गं?" एका आईनं विचारलं. "खुर्ची. मामांची निघत नव्हती," लेकीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. व्यंगचित्रकार दारामागे उभा राहून मफलरची घडी घालत राहिला.

"बाईंना अजून बरं नाही," बहीण हसू दाबत म्हणाली. "पुढच्या आठवड्यात ढग शिकवशील?"

ढगाला तोंड काढायचं नाही, हे त्यानं तिच्याकडून दोनदा कबूल करून घेतलं आणि मगच हो म्हणाला.