डाव्या गल्लीतली सुपारी

मी एक जुना गिअरचा दांडा आहे. हसू नका मित्रांनो! दांडा म्हटलं की तुम्हाला कुदळीचा नाहीतर झेंड्याचा आठवणार, मला ठाऊक आहे. मी चारही चाकांना जोर देणाऱ्या एका ऑटोमॅटिक गाडीत राहतो, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी. माझ्या डोक्यावरचं काळं चामडं झिजून गुळगुळीत झालंय. त्याचं मला काही वाटत नाही, हाताखाली झिजणं हेच माझं काम. माझं दुःख वेगळं होतं, आणि तेच आज सांगणार आहे.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा फिरायला दोन गल्ल्या दिल्या. एक सरळ आणि लांब. तिच्यात गाडी उभी करायची जागा, मागे न्यायची जागा आणि शेवटी 'डी'. मला 'डी'वर ओढलं की गाडी आपल्या मनाने गिअर बदलते. मी नुसता उभा. दुसरी गल्ली 'डी'च्या डावीकडे, अगदी आखूड. तिच्या एका टोकाला अधिक, दुसऱ्या टोकाला उणे. तिला मॅन्युअल म्हणतात. तिथे गेलो की गाडीची मनमानी बंद! उणेकडे ढकललं की एक गिअर खाली, अधिककडे ढकललं की एक वर. मालक म्हणेल तो गिअर, आणि मी त्याचा निरोप्या. खरं सांगू? मला ही आखूड गल्लीच जास्त आवडायची.

आमची गाडी नाशिकच्या एका गृहस्थांची होती. त्यांच्याकडून ती अकोले तालुक्यातल्या कानिफनाथने घेतली. त्याचं गाव डोंगरावर, बाजार खाली राजूरला, आणि मधे घाट. गाडी देताना त्या गृहस्थांनी कानिफनाथला शेजारी बसवून शिकवलं. चिखलात दुसऱ्या गिअरवर धरून ठेवायचं म्हणजे चाक जागच्या जागी फिरत नाही. उताराला गिअर खाली घ्यायचा म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं, ब्रेक तापत नाही.

कानिफनाथ हुशार. चार दिवसांत शिकला. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीच्या दिवसांत, रस्त्याचा नुसता राडा व्हायचा. बाकीच्या जीपा रुतून घूं घूं करायच्या, आणि आम्ही दुसऱ्या गिअरवर डुलत डुलत पुढे. त्याचे वडील आप्पासाहेब शेजारी बसलेले असायचे. "लई गुणाची गाडी हाय," असं म्हणून ते माझ्या डोक्यावर थोपटायचे. मी असा काही फुगायचो, काय सांगू!

मग दसरा आला. आप्पासाहेबांनी गाडीची पूजा मांडली. झेंडूची माळ, हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं यथासांग. पूजेतली गणपतीची सुपारी गाडीत ठेवायची होती. काचेपुढे ठेवली तर घरंगळायची. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना माझी डावी गल्ली दिसली. सुपारी तिच्यात अशी नेमकी बसली की आप्पासाहेब पोरासारखे खूश झाले.

"बघ की कानिफ, कंपनीनंबी देवाला जागा ठिवलीय!"

कानिफनाथ हसला. वडिलांचा आनंद मोडायचं त्याच्या जिवावर आलं. चार दिवसांनी काढू, असं मनात म्हणाला असेल. पण दिवाळीच्या आधीच आप्पासाहेब गेले. रानातून आले, ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

आता ती सुपारी नुसती देवाची राहिली नव्हती. कानिफनाथची आई छबूबाई गाडीत बसल्या की आधी वाकून तिला हात लावायच्या, मग तोच हात कपाळाला. एकदा खड्ड्यात दणका बसला आणि सुपारी उडून पायांखाली गेली. छबूबाईंचा जीव कासावीस झाला. सीट खालीवर करून शोधली तेव्हा कुठे त्यांनी घोटभर पाणी घेतलं. दुसऱ्या दिवशी कानिफनाथने चप्पल चिकटवायचा गोंद आणला आणि सुपारी माझ्या गल्लीत पक्की बसवून टाकली. डोळे पुशीत बसवली, म्हणून मी रागवू तरी कसा? पण त्या दिवशी माझं दार बंद झालं, मित्रांनो.

कोंडून राहणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. कुलूप नाही, साखळी नाही, हाताच्या अंतरावर आपली जागा दिसतेय आणि तिथे जाता येत नाही! चढाला गाडी गोंधळायची, तिसरा घेऊ की दुसरा करत धापा टाकायची. मी मनात ओरडायचो, अरे मला डावीकडे घ्या, मी सांगतो तिला! कोण ऐकणार? उताराला कानिफनाथ ब्रेक दाबून दाबून उतरायचा आणि गाडीभर जळका वास सुटायचा. राजूरचा मेकॅनिक ब्रेकपॅड बदलून बदलून वैतागला. "नुसता ब्रेकवर काय उतरतो? मॅन्युअलला घे की!" कानिफनाथने एकदा सुपारीकडे पाहिलं आणि विषय बदलला. मला सुपारीचा भारी राग यायचा. मग वाटायचं, तिचा तरी काय दोष? तीही बिचारी चिकटूनच बसली होती.

गेल्या साली भात झोडून झालं. गिरणीवर न्यायला मागे छतापर्यंत पोती भरली. पुढे छबूबाई, मागे पोत्यांत अंग चोरून कानिफनाथची बायको सविता. लख्ख ऊन होतं. घाटाचा निम्मा उतार सरला असेल नसेल, तोच ब्रेकचं पेडल मऊ पडलं. कानिफनाथने पुन्हा दाबलं. पाय थेट तळाला.

"आई, ब्रेक लागंना!"

"हँडब्रेक ओढा!" मागून सविता किंचाळली.

त्याने ओढला. गाडी जरा दबली, धूर निघाला, आणि पोत्यांच्या ओझ्याने ती पुन्हा सुटली. पुढचं वळण दिसत होतं. वळणापलीकडे दरी. कानिफनाथचा हात माझ्यावर पडला, घामाने ओला. त्याने मला डावीकडे रेटलं. सुपारी आडवी आली. पुन्हा रेटलं. माझ्या मानेत कळ गेली, पण सुपारी हलेना.

"आई, सुपारी मधी येतीय! दांडा तिकडं गेला तरच गाडी आवरंल!"

छबूबाईंनी सुपारीकडे पाहिलं. "त्यांच्या हातची हाय रं ती..."

"म्हाईत हाय गं आई!" कानिफनाथ रडत होता. दोन्ही हात त्याने परत स्टिअरिंगवर घेतले.

छबूबाई पान खातात. कमरेच्या चंचीत त्यांचा अडकित्ता कायम असतो. त्यांनी तो काढला, सुपारीला लावला आणि ओठ आवळून दाबला. घसरला. पुन्हा लावला, आणि सगळा जीव त्या मुठीत आणून दाबला. कट्! सुपारी फुटली. बोटांनी त्यांनी गल्ली खरवडली, नख उलटलं तरी खरवडली, आणि ओरडल्या, "घे!"

मी डावीकडे गेलो. देवा, काय वाटलं सांगू! उणे. पुन्हा उणे. इंजिन खच्चून ओरडलं आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी दबली. कठड्याला आरसा घासून वळण पार झालं. मग तसेच दुसऱ्यावरून पहिल्यावर, रांगत रांगत, खालच्या सपाटीला येऊन थांबलो.

सविता मागून सासूच्या गळ्यात पडली. कानिफनाथने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"आदीच काढाया पायजे हुती गं आई. तुला काय वाटंल, म्हनून..."

"येड्या, मला इचारलंस का कदी?" छबूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमच्या जिवापरीस मला सुपारी मोठी व्हय रं? त्यांनी ती गाडी राखाया ठिवली हुती. राखली तिनं."

मग वाकून त्यांनी सुपारीचं एक खांड शोधलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. ते आता घरी आप्पासाहेबांच्या फोटोपुढे असतं.

माझ्या गल्लीत अजून हळदीचा एक डाग आहे. डावीकडे जाताना तो मला लागतो, आणि डोक्यावर थोपटणारा तो हात आठवतो. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जरूर जपा. पण ती कुणाची वाट अडवत असेल तर घरात एकमेकांना विचारा. नुसतं मनात ठेवून गप्प बसू नका. आणि माझ्यासारख्या यंत्राला जे करायला घडवलंय ते त्याला करू द्या, एवढीच विनंती.

आता घाटाच्या माथ्यावर आलो की छबूबाई सवयीने माझ्या डावीकडच्या त्या रिकाम्या जागेला हात लावतात, तो कपाळाला नेतात, आणि लेकाला म्हणतात, "कानिफ, दांडा डावीकडं घे."